फणीवाले दस्तगीरमामा

दस्तगीरमामांना हळू बोलता येत नव्हतं. पोकलेनला ब्रेकर लावून त्यांनी वर्षानुवर्षं खडक फोडला, त्यात दोन्ही कान अर्धे गेले. कान गेले की आवाज चढतोच, पण मामांचा चढलेला आवाज म्हणजे काही विचारू नका. कानगोष्ट करायची म्हणून ते तोंडाशी हात धरत, माझ्या कानाजवळ वाकत आणि मग जे बोलत ते ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनाही स्वच्छ ऐकू जाई. "सुपरवायझर, त्यो मालकाचा मेव्हणा हाय न्हवं, त्यो डिझेल चोरतोय बघ!" हे गुपित त्यांनी मला सांगितलं तेव्हा तो मेव्हणा वीस पावलांवर डिझेलचाच कॅन घेऊन उभा होता. कॅन तिथंच ठेवून तो लघवीला म्हणून जो गेला, तो संध्याकाळपर्यंत आलाच नाही.

मी तेव्हा कागलच्या एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो. ठेकेदाराला आम्ही सगळे मालक म्हणायचो, मीही तेच म्हणतो. जमीन साफ करून द्यायची आमची कामं. तोडलेल्या निलगिरीची खोडं मुळासकट उपटायची, घाणेरी आणि वेडी बाभळ काढायची, रान सपाट करून शेतकऱ्याच्या ताब्यात द्यायचं. माझा सिव्हिलचा डिप्लोमा नवा होता आणि डोकं तापट होतं. डिप्लोमा आता जुना झाला, डोकं तसंच आहे, बायकोला विचारा.

मामांची आणि माझी पहिली गाठ पडली ती मुरगूडच्या अलीकडच्या एका रानात. सकाळचे नऊ वाजून गेलेले, पोकलेन बंद, आणि ऑपरेटर कुठंच दिसेना. बघतो तर पलीकडं एका खड्ड्यातून पांढरी टोपी तेवढी वर आलेली. टोपीखाली जाड काचेचा चष्मा, तो इलास्टिकनं डोक्यामागं बांधलेला, आणि हातात कुदळ.

"ओ पावणं," मी बांधावरूनच ओरडलो, "मशीन कामाला आणलंय का शोभेला?"

"या की! आत या."

"कुठं आत?"

"खड्ड्यात!"

आणि खरंच त्यांनी मला हात धरून खड्ड्यात ओढलं. इस्त्रीची पँट होती माझी. खड्ड्याच्या कडेला त्यांनी पंजा लावला. वर काळसर पोयटा, खाली पिवळा मुरूम. "बगा सायेब. वीत आन चार बोटं. एवढाच जीव हाय ह्या रानाचा. खालचा मुरूम काय खायाच्या कामाचा न्हाय." असे चार कोपऱ्यांत चार खड्डे हातानं काढल्याशिवाय मामा मशीनला चावी लावत नसत. मग खिशातून खडू काढून पोकलेनच्या दातांवर तेवढ्याच अंतरावर रेघ मारत. त्या रेघेच्या हिशेबानं दिवसभर काम चाले. मी मालकाला फोन करून तक्रार केली. मालक म्हणाला, "असू दे, म्हाताऱ्याची ती खोड हाय. पर त्येच्या फणीमुळं कामं येत्यात."

आता ही फणी काय, ते सांगायला पाहिजे. पोकलेन म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं पुढची बादली येते, आमच्या भाषेत बकेट. बकेटनं खोड काढायला मिनिट लागत नाही. पण बकेट खोडाबरोबर पाटीभर पोयटाही उचलते, आणि एकराचं रान साफ होईस्तोवर वरची सगळी माती कुठल्या तरी ढिगाखाली गाडली जाते. ठेकेदाराला त्याचं काही नसतं. शेतकऱ्याला कळतं तेव्हा ऊस गुडघ्याएवढाच राहिलेला असतो. मामांनी बकेटच्या जागी बसणारी सात वाकड्या दातांची फणी स्वतः बनवली होती. दातांमध्ये हात जाईल एवढी फट. फणी खाली घालायची, खोड मुळासकट वर काढायचं, आणि त्याच खड्ड्यावर धरून तीन-चार हिसके द्यायचे. माती फटीतून खाली, खोड वर. बाकीचे ऑपरेटर हसायचे. "मामा, निलगिरीला न्हाऊ घालून येणी घालतायसा काय?" मामा केबिनमधनं ओरडायचे, "घालतो की! तुज्या रानात ईन तवा तुला पावडरबी लावतो!"

घराणं शिकलगारांचं. आजा गावोगाव फिरून विळ्या-कोयत्यांना धार लावायचा, बाप साखर कारखान्यात फिटर. मामा सांगायचे, "आमच्या घरात लोखंडाला कुनी घाबरत न्हाय. लोखंडानं आमास्नी घाबरावं." पण पहिली फणी कशी फसली हेही तेच सांगायचे, कुणी विचारलेलं नसताना. कसबा बावड्याला एका मळ्यात, दहा-बारा माणसं बघायला जमलेली, आणि दुसऱ्याच खोडाला तीन दात जोडातनं तुटून पडले. जाड प्लेट आधी तापवून मग वेल्डिंग करायची असते. मामांनी पावसाळी हवेत गार प्लेटीवरच रॉड चालवला होता. "घाई केली. चूक माझी. रॉडची न्हाय, प्लेटीची न्हाय, पावसाची न्हाय." ते तीन दात त्यांनी घराच्या पडवीत तारेनं टांगून ठेवले होते. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते दात दाखवायचे. मामी वैतागायची, "लोक घरात लेकराचं फोटो लावत्यात, ह्यांनी चुका लावल्यात."

फणी बसवायची-काढायची तर दोन जाड पिना घणानं ठोकून घालायच्या किंवा काढायच्या. त्या पिनाही मामांनीच लेथवर फिरवून घेतलेल्या. मशीन मालकाचं, पण फणी आणि पिना मामांच्या. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पिन ठोकताना कुणी कुठं उभं राहायचं ते मामा ठरवणार. एकदा मालक फोनवर बोलत जवळ आला, तर त्यालाही दंडाला धरून बाहेर नेऊन उभं केलं. आणि पिना बसल्या की दोन्ही हात वर करून, बोटं एकेक करून मोजून, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "धा!" पहिल्यांदा मला वाटलं हा माणूस खुळा आहे. मग कळलं की त्यांच्या जुन्या जोडीदाराची दोन बोटं अशाच एका पिनेखाली गेली होती. तेव्हापासून मामा रोज मोजत होते.

मामांचा हट्ट माझ्या डोक्यात जायचा, खोटं कशाला सांगू. एकदा तर मी त्यांना भर रानात फाडफाड बोललो. झालं काय, मुरगूडच्या बाजूला एका शेताची खोडं काढताना फणी शेजारच्या रानात घुसली आणि शेजाऱ्याची पाण्याची पाइपलाइन फुटली. शेजारी घरी, मोटर बंद, पाणी नाही, म्हणजे कुणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. मी म्हणालो, "मामा, माती लोटा आणि पुढं चला, ज्याला कळायचं त्याला उद्या कळेल."

"उद्या कोन सांगनार? तू?"

मामांनी मशीन बंद केलं, खाली उतरले आणि शेताच्या टोकाला असलेल्या त्या घराकडं चालत गेले. घराच्या दारात एक म्हातारबा खाटेवर पडलेला. मामा अंगणातूनच ओरडले, "पाटील! तुमची पायपलाईन मी फोडली!" म्हातारा दचकून उठून बसला. त्याला वाटलं भांडायला कुणी आलं. फुटली कुणी, फोडली कशी, आणि फोडणारा स्वतःच का ओरडतोय, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्यानं मनापासून शिव्या दिल्या. मामांनी त्या सगळ्या उभ्यानं ऐकून घेतल्या, मग मोटारसायकलवरून जाऊन पाइपचा तुकडा आणि सोल्युशन आणलं आणि गुडघाभर चिखलात बसून जोड लावला. अर्धा दिवस गेला. मालकानं माझी खरडपट्टी काढली, मी मामांची काढली. मामा ऐकत होते आणि डबा खात होते. शेवटी म्हणाले, "झालं तुजं? आता एक चटणी घे."

त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणायचे बंद झाले आणि सुपरवायझर म्हणायला लागले. बढती होती का उतरण, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग शेवंताकाकूंचं रान आलं.

शेवंताकाकू कागल तालुक्यातल्याच एका गावच्या. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन निपाणीला. चार म्हशींवर काकूंचा सगळा डोलारा होता आणि तो त्या ऐटीत चालवत होत्या. ओढ्याकाठी त्यांचं चार एकर रान होतं, नवऱ्यानं पूर्वी निलगिरी लावलेलं. निलगिरी तोडून झाली, खोडं राहिली. काकूंना तिथं चारा आणि थोडा ऊस करायचा होता. शेजारच्या रानात फणीचं काम बघून त्या स्वतः आमच्या ऑफिसात आल्या. "फणीवाला मानूस पायजे," म्हणाल्या. मालकानं इतकं स्वस्तात काम धरलं की मलाच नवल वाटलं.

नवल दोनच दिवस टिकलं. ओढ्याकाठचा तो पोयटा म्हणजे विटांसाठी सोनं. मालकाचं एका वीटभट्टीवाल्याशी आधीच बोलणं झालेलं. मामांनी फणीनं खोडं काढायची, मग फणी उतरवून बकेट लावायची आणि सपाटीकरणाच्या नावाखाली वरचा पोयटा डंपरनं उचलायचा. कागदावर 'साफसफाई व सपाटीकरण' एवढंच लिहिलेलं, आणि तो कागद माझ्याच हस्ताक्षरात होता. काकूंना मीच तो वाचून दाखवला होता. मी मामांना काहीच बोललो नाही. नोकरी नवी होती, घरी आई आजारी होती, अशी शंभर कारणं मी मनात जुळवत होतो. आज त्यातलं एकही मला पटत नाही.

अर्धं रान झालं त्या दिवशी सकाळी दोन डंपर आले. मागोमाग मालकाची गाडी.

"मामा, फणी उतरवा, बकेट लावा," मालक म्हणाला.

"कशाला?"

"लेव्हल करायचं हाय."

"लेवल मी फणीनं करून देतो. डंपर कशाला आलाय?"

"तुमाला काय करायचंय डंपरचं? मशीन चालवा."

मामांनी एकदा डंपरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी बुटांकडं बघितलं. त्यांना तेवढं पुरलं. ते केबिनमध्ये चढले, पोकलेन हलवलं आणि गाडीवाटेच्या तोंडाशी, जिथनं डंपर आत यायचे नेमके तिथंच, आडवं उभं केलं. फणीचे सातही दात जमिनीत रोवले. इंजिन बंद. चावी सदऱ्याच्या खिशात. मग केबिनच्या दारात बसून त्यांनी डबा उघडला.

"काय चाललंय हे?" मालक लाल झालेला.

"न्ह्यारी."

"मशीन माझं हाय, मामा!"

"हाय की. कोन न्हाय म्हनतंय?"

"मग फणी काढा!"

"फणी माझी हाय. पिना माझ्या हैत. म्या आज काढत न्हाय. आन फणीनं माती उचलत न्हाय, ते तुमालाबी ठावं हाय आन मलाबी."

आयला, मला तेव्हा हसू आलं आणि भीतीही वाटली. किती साधी गोष्ट. जोवर ती फणी मशीनला आहे, तोवर मूठभर माती डंपरात पडणार नाही. मालकानं दुसऱ्या ऑपरेटरला फोन केला. तो आला, फणीजवळ गेला, आणि मामा वरून म्हणाले, "हात लाव. आदी मोज, किती बोटं हैत." तो तसाच मागं सरला.

मग मामांनी केबिनच्या टपावर चढून गावाकडं तोंड केलं. एरवी लाज आणणारा तो आवाज त्या दिवशी असा निघाला की कावळे उडाले. "वयनी! ओ शेवंतावयनी! तुमचा पोयटा भट्टीला निगालाय! या की बिगी बिगी!"

काकू धावत आल्या नाहीत. पंधरा मिनिटांनी आल्या त्या चारही म्हशी पुढं घालून. म्हशी पोकलेनच्या मागं वाटेवर नेल्या आणि सोडल्या. दोन उभ्या राहिल्या, दोन बसल्या. डंपरवाल्यानं हॉर्न दिला तर बसलेल्या म्हशीनं नुसती मान वळवली. म्हशींच्या मागोमाग गाव आलं. काकू मालकाकडं गेल्याच नाहीत, सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"तुला ठावं हुतं?"

मी परत बुटांकडं बघितलं.

"कागद तेवडा चांगला वाचून दाकीवलास रं. माती वाचायची ऱ्हायली."

चारचौघांत असं ऐकण्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. गावकऱ्यांचा आवाज वाढला तसा मालकाचा उतरला. गैरसमज झाला, डंपर भलतीकडचे होते, चुकून इकडं आले, असं काहीबाही तो बोलत होता. डंपर उलटे मागं गेले. मग मालक मामांना एवढंच म्हणाला, "उद्यापासनं येऊ नका. ह्या तालुक्यात तुमाला सीट मिळाली तर नाव बदलीन."

मामा खाली उतरले. घण मागून घेतला. लोकांना हातानं मागं सारलं, पिना ठोकून काढल्या, फणी काकूंच्या रानात उतरवून ठेवली. दोन्ही हात वर. "धा!" मग चावी मालकाच्या हातावर ठेवली. पोकलेन ट्रेलरवर चढलं आणि गेलं. साठीला टेकलेला माणूस, पदरात दुसरा धंदा नाही, आणि ज्या सीटवर आयुष्य काढलं ती सीट रस्त्यानं लांब जाताना बघत उभा. मी जवळ गेलो. तेच बोलले, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं, "तू मला आदी सांगितलं असतंस तर डंपर आलंच नसतं."

मालकानं शब्द खरा केला. तालुक्यातल्या सगळ्या मशीनवाल्यांना फोन गेले. मामांना कुणी सीट देईना. काकूंचं रान अर्धंच पडलेलं. शेवटी काकूंच्या लेकीनं निपाणीकडच्या एका मशीनवाल्याला गाठलं. त्याला आमचा मालक कोण हे ठाऊकही नव्हतं आणि त्याची पर्वाही नव्हती. त्याच्या मशीनला मामांची फणी लावली आणि आठवड्यात उरलेलं रान पार केलं. पोयटा जिथल्या तिथं. मशीन निपाणीला परत गेलं आणि मामा घरी बसले. घरी बसले म्हणजे पडवीत विळे-कोयते घेऊन धार लावत बसले.

दसऱ्याच्या तोंडावर मालकाला एक मोठं काम आलं. निलगिरीचं भलंमोठं रान होतं आणि जमीनवाल्याची अट एकच, काम फणीनं झालं पाहिजे. मालकानं दुसरीकडनं फणी बनवून घेतली, ती चार दिवसांत वाकली. मग मला मामांकडं पाठवलं. निरोप असा, की एसी केबिनचं नवं मशीन तुमचं. फक्त खंडेनवमीला यार्डात सगळ्यांसमोर म्हणायचं की माझी चूक झाली. मालकाला मामांपेक्षा बाकीच्या ऑपरेटरना तो धडा ऐकवायचा होता.

मामा कोयता घासत होते. निरोप ऐकून घासायचे थांबले. "सगळी असनार?"

"सगळी. ऑपरेटर, गिऱ्हाइकं, शेतकरी, भट्टीवालेबी."

"चूक म्हनायची."

"एवढंच मामा. दोन शब्द. कशाला ताणताय? वय झालं आता."

"येतो म्हन."

मला बरं वाटलं. खरंच सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. मामांनी मान खाली घातली की माझी मान आपोआप वर होईल, असं काहीतरी नालायक माझ्या मनात होतं.

खंडेनवमीला यार्डात सगळी मशीनं धुऊन ओळीनं उभी, पोकलेनच्या लांब हाताला, बूमला, झेंडूच्या माळा, चेनवर हळदकुंकू. पूजा झाली, जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या. मामा धुतलेली टोपी आणि नवा सदरा घालून आले. मालकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना गप्प केलं. "दस्तगीरमामांना काय बोलायचंय."

"चूक झाली माजी!" मामा म्हणाले, आणि पलीकडच्या हायवेवरचीही माणसं थांबली असतील. मालक हसला.

"फणी बनवायच्या आदी म्याच बकेट चालवत हुतो. ह्यांनी सांगितलं म्हनून तीन रानांतला पोयटा म्या उचलून डंपरात भरला. पयलं रान दत्तूतात्याचं, हे बसलेत समोर. दुसरं मळ्यातल्या सुताराचं. तिसरं आमच्याच गल्लीतल्या आत्तारांचं. मालक म्हनले लेवल, म्या म्हनलो लेवल. मला कळत हुतं. दोन सालांनी त्या रानात गेलतो, तर वीतभर कुसळाशिवाय काय न्हाय. तवा फणी बनीवली. पर त्या तिगांस्नी म्या सांगितलं न्हाय. भ्यालो. ती माजी चूक हाय. डंपर अडीवला ती न्हाय!"

मालक ओरडला, "खोटं बोलतोय! डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं! आमी कुनाची माती नेत न्हाय. शेवंताबाईच्या रानातबी साफसफाईच चालली हुती!"

मामा माझ्याकडं वळले. "सुपरवायझर. डंपर कशाला आलतं?"

सगळं यार्ड माझ्याकडं बघत होतं. या वेळी मी बुटांकडं बघितलं नाही.

"माती न्यायला," मी म्हणालो. "कागद मीच लिहिला होता."

माझी नोकरी तिथंच संपली, पण त्याचं राहू दे. दत्तूतात्या समोरनं उठले. सत्तरीचा माणूस, काठी टेकत मामांपुढं आला. "तू नेलीस माजी माती?"

"उचलली म्या. नेली ह्यांनी. लिव्हर माज्या हातात हुता."

"आन इतकी सालं गप?"

"गप."

तात्यांनी मामांच्या कानफटात दिली. टोपी उडाली. आम्ही पुढं झालो तर मामांनीच हातानं थांबवलं. टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. "उन्हाळ्यात गाळ आणून टाकतो तात्या."

"माज्या बांधाला पाय लावू नगंस!" म्हणून तात्या न जेवता निघून गेले. मामाही न जेवता निघाले, आणि मी त्यांच्या मागं.

त्यानंतर मी शिरोलीकडच्या एका फौंड्रीत लागलो. मामांची खबर अधूनमधून कळायची. मामीच्या भावाचा जुना ट्रॅक्टर मागून त्यांनी उन्हाळ्यात गावतलावाचा गाळ भरून न्यायला सुरुवात केली होती. आत्तारांनी आणि सुतारानं टाकू दिला. दत्तूतात्यांनी दोनदा ट्रॉली बांधावरनं परत लावली. तिसऱ्यांदा मामांनी गाळ बांधाबाहेरच ओतला आणि काही न बोलता निघून गेले, चौथ्यांदाही तसंच. पाचव्यांदा गेले तर बांधाला ट्रॉली जाईल एवढी वाट पाडलेली होती. वाट पाडली कुणी, कुणी बोललं नाही.

मे महिन्यात मुरगूडला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली. भर उन्हात दत्तूतात्यांच्या रानात ट्रॅक्टर उभा. मामा उघड्या पिवळ्या मुरमावर फावड्यानं गाळ पसरत होते. पलीकडच्या बांधावर तात्या पाठ करून बसलेले. रानाच्या एका कोपऱ्यात काळा पट्टा तयार झालेला, अंगणाएवढा. बाकीचं सगळं रान पिवळं ठक्क. मी बघतच राहिलो. मग रागावूनच बोललो.

"मामा, अंगणाएवढं झालंय फक्त! तीन रानं भरायला जन्म जाईल की ह्यात!"

मामांनी चष्म्यावरचा घाम पुसला. ट्रॅक्टरवर चढले, चावी फिरवली आणि इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडले.

"जाऊ दे की! माजाच हाय न्हवं?"

आणि रिकामी ट्रॉली खडखडत पुन्हा तलावाकडं निघाली.